उलटं स्वस्तिक

"मॅडम, तुमच्या हातानं स्वस्तिक काढा," म्हणत सोनटक्केशेठनी कुंकवाची वाटी पुढे केली. मागास तालुक्यात नवा कारखाना आला, की सरकार अनुदान देतं. मशीन खरंच नवं आहे का, हे तपासणं माझं काम; आज माझे साहेबही सोबत आले होते.

मी मशीनच्या मागे गेले. सगळीकडे ताजा रंग, पण एक लाल स्वस्तिक रंगाऱ्यानं देवाचं म्हणून तसंच सोडलेलं. तेही उलटं. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात, याच शेठच्या उद्घाटनाला मीच ते घाईत काढलं होतं.

"तिथलं मशीन उचलून इथं आणलंत, आणि पुन्हा अनुदान मागताय? तिथले कामगार घरी बसलेत, शेठ."

शेठनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातला रुमाल काढून मला दिला.

"पुसा ते. या वेळी सुलटं काढा."