पुढे विद्याधर

लडाखची वारी उरकून दोन मोटारसायकली धायरीत श्यामसुंदरच्या दारात थांबल्या आणि दोघे मित्र पायरीवरच बसकण मारून बसले. श्यामसुंदरची कंबर पार मोडली होती, पण त्याहून जास्त ठणकत होता विद्याधरचा हट्ट. अख्ख्या प्रवासात त्याने श्यामसुंदरला एकदाही पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"तुमच्या बायपासच्या ऑपरेशनला अजून वर्ष नाही झालं," चहाचे कप ठेवत श्यामसुंदरची बायको त्याला म्हणाली. "तळंच बघायचं होतं, तर खडकवासल्याला पाणी नव्हतं का?"

"तळं दिसलंय कुणाला?" श्यामसुंदर वैतागला. "जाताना याची पाठ, येताना याची पाठ, आणि वर याच्याच गाडीची धूळ खाल्ली. डोंगर काय, तळी काय, सगळं या पुढारी माणसाने एकट्याने बघितलं. आता सांग तरी बाबा, कसं होतं?"

विद्याधरने अवघडलेली मान चोळली आणि चहाचा एक घोट घेतला.



"मला काय विचारतोस? मी सगळा रस्ता आरशात बघत होतो, तू मागे येतोयस ना ते."