गेट सोडायचं नाही

फिकट निळी गाडी गेटपुढे येऊन थांबली तसा मनू बाकड्यावरून उठला आणि लवूच्या खांद्याला धरून बघत राहिला. त्यांच्याच कारखान्यातली गाडी. गोल दिवे, चकचकीत पट्टी, सगळं जिथल्या तिथे.

"ह्यो रंग माझ्या भट्टीत भाजललो," मनू म्हणाला.

"काका, रंग मागच्या वर्षीच नवीन केलाय," गाडीतून उतरलेली बाई हसून म्हणाली. तिचं नाव वल्लरी. गाडी तिच्या आजोबांची.

"म्हणूनच फिको दिसता," मनू म्हणाला.

जागेच्या नव्या मालकाची परवानगी काढून ती आली होती. गाडी जिथे तयार झाली तिथे उभी करून तिला फोटो काढायचा होता. वॉचमन राकेशने आतून गेट उघडलं.

"चला ना काका तुम्हीही. कुठे काय होतं ते दाखवा मला."

दोघांनी जाण्यासारखं नव्हतं. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी युनियनने सांगितलं होतं, गेट सोडू नका. मशीनं बाहेर गेली की कारखाना मेला. तेव्हा गेटवर मांडव पडला होता, शंभरेक माणसं बसायची. आता हे दोघे उरले होते, आणि एकाने तरी बसायचंच हा नियम त्यांनी मोडला नव्हता.

"तू जा," मनू म्हणाला. "मी बसतंय. माझी भट्टी बघून ये."

लवूने भिंतीकडे पाहिलं. सावलीला त्याची बायको रखमा पिशव्या घेऊन बसली होती. परळ डेपोतून संध्याकाळच्या एस्टीने दोघांनी गावी जायचं, पुन्हा मुंबईला यायचं नाही, असं ठरलं होतं. मनूला तेवढं सांगायचं राहिलं होतं. त्यासाठीच लवू आज आला होता, आणि दोन चहा झाले तरी दुसरंच काहीबाही बोलत बसला होता. रखमाने हातानेच खुणावलं, जा, पण बिगीन ये. लवू गाडीत बसला.

गेटासमोरची ऑफिसची इमारत तेवढी उभी होती. तिला वळसा घातला आणि वल्लरीने ब्रेक दाबला.

मागे काही नव्हतं. शेड नव्हती, प्रेस नव्हत्या, भट्टी नव्हती. जमिनीतून कापलेल्या बोल्टांची बुडखं वर आली होती. प्रेसच्या खड्ड्यांत पाणी साचून लव्हाळा माजला होता. पलीकडे, रेल्वेच्या बाजूला, ट्रक जाईल एवढी भिंत फोडलेली होती, आणि त्या वाटेच्या मधोमध एक सुबाभूळ वाढून चांगली छपराएवढी झाली होती.

"कधी नेलं?" लवूने मागून आलेल्या राकेशला विचारलं.

"मेरे आने के पहलेच, चाचा. पीछेसे. आप लोग तो आगे बैठते थे ना."

रात्रीची खडखड कधीमधी ऐकू यायची खरी. मनू म्हणायचा, यार्डात डबे जोडतायत. उठून बघायला जायचं तर गेट सोडावं लागलं असतं.

"काका, गाडीला टेकून उभे राहा ना. इथेच बनायची ना ही?"

"इथंच," लवू म्हणाला, आणि बोट दाखवलं कुठेतरी.

परत निघाल्यावर वल्लरी हळूच म्हणाली, "त्या काकांना सांगायला हवं."

"मी सांगतो. माझ्या तोंडून ऐकू दे त्याला. घर नाही त्याचं, इथंच झोपतो तो."

इमारतीपासून गेटापर्यंत लवू मनात वाक्य जुळवत होता. ते जुळलंही होतं.

पण मनू काठी टाकून गेटात ताठ उभा होता. पूर्वी नवी गाडी बाहेर पडली की डिकीवर थाप मारून तिला रस्त्याला लावायची रीत होती. गाडी जवळून गेली तशी मनूने दणकून थाप मारली.

"सुटली रे!" तो ओरडला. "कितक्या वर्सांनी गाडी भायर पडली!"

लवू खाली उतरला.

"भट्टी आसा?"

"आसा."

"आणि प्रेस?"

"सगळा आसा. जरा गंजला."

"गंजतलाच. गंज काय, घासलो की जाता." मनू धापा टाकत बाकड्यावर टेकला. "म्हणजे आपण बसलो ता फुकट नाय गेला. आता मी मेलंय तरी काय नाय. तू आसस."

वल्लरीही उतरली आणि पाठ करून गाडीची काच पुसू लागली. ती आधीच स्वच्छ होती.

रखमा पिशव्या घेऊन जवळ आली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने एकदाच पाहिलं.

"सांगितलास?"

"काय सांगूचा होता?" मनूने विचारलं.

"काय नाय. ही गावाक जाता," लवू म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "तू फुडे हो. मी येतंय मागसून."

"मी कधीची फुडेच आसंय," रखमा म्हणाली.

"मावशी, बसा," वल्लरी म्हणाली. "परळला मी सोडते."

रखमा मागे बसली. तिने दोनदा ओढूनही दार लागेना. या गाडीचं दार जरा उचलून ढकलावं लागतं. लवूने ते बाहेरून उचललं आणि लावलं.

गाडी वळून दिसेनाशी झाली. राकेशने आतून गेट ओढून कुलूप घातलं. लवूने फटीतून हात घालून ते ओढून बघितलं.

"लागला मा?" बाकड्यावरून मनूने विचारलं.

लवूने पुन्हा एकदा ओढलं.

"लागला."