सत्तेचाळिसावं नाव

"हे तुम्हीच लिवलंय ना, मॅडम?"

कुसाबाईंनी घडी घातलेला कागद स्टाफरूमच्या टेबलावर उलगडला. माजिदा मोमीनला तो वाचावा लागला नाही. तिच्याच प्रबंधाचं परिशिष्ट होतं. सत्तेचाळिसाव्या नावाभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता: कुसाबाई पुंजा भोये, हरसूलजवळचा पाडा, बाप्तिस्मा १९९८, सहकुटुंब.

डोंगराकडच्या पाड्यांवर ख्रिस्ती प्रार्थनामंडळ्या कशा रुजल्या, यावर माजिदाने सहा वर्षं घालवली होती. मालेगावच्या विणकराची पोर, हिला येशूवाल्यांचा इतिहास कशाला हवा, असं घरचे विचारत, नाशकातले विचारत, आणि मुलाखत घेणारे तर दरवर्षी न चुकता विचारत. तिने हट्टाने एकशे बारा माणसांच्या साक्षी नाव-गाव-सालासकट उतरवल्या. गाइड म्हणाले, अगं, नावं बदल. ही म्हणाली, बदललेल्या नावांचा कसला आलाय इतिहास? घ्या! प्रबंध नेटवर गेला आणि त्याला एकदाचा वाचक मिळाला. तक्रार करणारा.

"निकिताच्या दाखल्यावर तक्रार झाली," कुसाबाई म्हणाल्या. नात शेजारी उभी होती, फाइल छातीशी धरून. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता.

"अहो आजी, धर्मावरून जमातीचा दाखला जात नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे."

"साहेब बी तेच बोलला. पन तक्रार निकालात निघंस्तोवर थांबा म्हनला."

"आणि ॲडमिशन शुक्रवारी बंद होतंय," निकिता म्हणाली.

"आमचं नाव खोडून द्या, मॅडम. येवढंच काम हाय."

नाव खोडता येत नव्हतं. वाट एकच होती. ही नोंद खोटी आहे, असं माजिदाने सहीनिशी लिहून द्यायचं. एक नोंद खोटी म्हटली की उरलेल्या एकशे अकरांना कोण खरं मानणार? अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर उद्या सकाळी कायम जागेसाठी तिची मुलाखत होती. जागा कुणाची ठरलीय हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. पण मेली ती आशा, सुटता सुटत नाही.

"उद्या माझी मुलाखत आहे," ती कशीबशी म्हणाली. "परवा लिहून दिलं तर?"

"परवा शुक्रवारच आहे, मॅडम," निकिता म्हणाली.

माजिदाने कोरा कागद ओढला. तीन ओळी लिहायला तिला पाव तास लागला. मग तिने वाचून दाखवलं. कुसाबाईंनी मला असं काही सांगितलं नव्हतं, नोंद मी माझ्या मनाने घातली. "आणि खाली तुम्ही सही करायची, की मी बाप्तिस्मा घेतलेला नाही."

कुसाबाईंनी कागद हातात घेतला.

"पन मी तर सांगितलं होतं. तुम्हाला भाकर वाढता वाढता सांगितलं. मीच म्हनले, पुरं नाव लिवा."

"हो."

"मंग हे खोटं हाय."

"खोटंच आहे, आजी. पण करा सही."

"कर ना गं आजी!" निकिता रडकुंडीला आली. "देव काय तुझे कागद वाचत बसलाय?"

"वाचतो," कुसाबाई म्हणाल्या. "मी नाव खोडा म्हनले. त्याला नाकारते म्हनले नाय."

त्यांनी कागद परत सरकवला. निकिताने तो उचलायला हात पुढे केला, पण आजीच्या सहीशिवाय त्याचा उपयोग नव्हता, हे तिलाही कळत होतं. तिने हात मागे घेतला.

माजिदाला हायसं वाटलं. अगदी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिला मान वर करवेना.

कुसाबाई उठून तिच्या बाजूला आल्या. "उद्या मुलाखत हाय ना तुमची?" म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात मागू लागल्या. "हे बापा, या लेकीला उद्या नोकरी लागू दे. लय चालली ती आमच्या डोंगरात. तिची मेहनत वाया जाऊ देऊ नको."

पलीकडे पेपर तपासणारे दोघे वळून बघायला लागले.

"आमेन," कुसाबाई म्हणाल्या, आणि मंडळीच्या सवयीने क्षणभर थांबल्या. मागून कुणीच आमेन म्हटलं नाही.