पाहुणीचा अभिप्राय

खोल्या आवरणाऱ्या मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा हॉटेलने त्यांना एक रात्र पाहुणी म्हणून राहायला बोलावलं. तेही त्यांनी तीस वर्षं आवरलेल्याच खोलीत. सकाळी मी साफसफाईला गेले, तर आवरण्यासारखं काही नव्हतंच. चादर ताणलेली, उशा फुगवलेल्या, टॉवेलच्या घड्या जागच्या जागी. मी खाली कळवलं, “मावशी राहिल्याच नाहीत.” मॅनेजर तणतणत वर आले. “एवढा मान दिला, आणि बाई न राहताच निघून गेल्या!” मला हे काम मावशींनीच शिकवलेलं. पाठ मोडली तरी पाहुण्याच्या पलंगावर टेकायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. तेवढ्यात टेबलावर अभिप्रायाचं कार्ड दिसलं. मॅनेजरांनी मोठ्यानं वाचायला घेतलं, “सेवा उत्तम. तक्रार नाही. गादी इतकी मऊ असते, हे काल टेकल्यावर कळलं. पण चादरीला सुरकुती पडली. ती काढून खुर्चीत झोपले.”