पंचनाम्याची शेळी

"मावशी, पंचनामा होईपर्यंत शेळी हलवायची नाही. हलवलीत तर भरपाई विसरा," फोनवर वनरक्षक म्हणाला होता. म्हणून बिबट्याने मारलेली शेळी दुसऱ्या दिवशीही गोठ्याच्या दाराशी तशीच पडून होती आणि ठकूबाईचा नवरा काठी घेऊन कुत्री हाकलत बसला होता.

दिवस कलताना बिबट्या आपली शिकार न्यायला उसातून परत आला. त्याने आधी म्हाताऱ्याचा खांदा फाडला. ठकूबाई कोयता घेऊन धावली आणि बिबट्या निपचित पडेपर्यंत घाव घालत राहिली.

बिबट्या मेल्याचा फोन गेला आणि दोन दिवस न फिरकलेली वनखात्याची जीप अर्ध्या तासात दारात उभी राहिली. वनरक्षकाने माणसं लावून बिबट्याला आत चढवलं; जीपची मागची सगळी जागा त्यानेच भरली. म्हातारा ओट्यावर रक्ताने भिजत होता.

"ह्यांना घ्या की दवाखान्यात!"

"सरकारी गाडीत खासगी माणूस बसवता येत नाही, मावशी. आणि बिबट्या मारलात, गुन्हा होईल तुमच्यावर."

"एक मारलाय," ठकूबाई म्हणाली, "दुसऱ्याला किती येळ लागतोय?"

वनरक्षकाने तिच्या हातातल्या कोयत्याकडे पाहिलं. मग त्यानेच मागचे पाय धरून बिबट्याला खाली ओढलं.