सरकारी माहिती

साहेबांनी फर्मान सोडलं, "विद्यार्थ्यांसाठी आपल्या सरकारी वेबसाइटवर 'आपलं राज्य' हे पान आज संध्याकाळपर्यंत दिसलं पाहिजे. भूगोल, इतिहास, राज्यकारभार, सगळं!"

कारकुनाला घाम फुटला. जेवणाच्या सुट्टीत तो घरी पळाला, थोरलीची जुनी प्रकल्पवही माळ्यावरून काढली आणि ऑफिसात येऊन जशीच्या तशी टाइप केली. 'नद्या डोंगरात कंटाळतात, म्हणून समुद्राकडे निघतात,' हे वाक्यसुद्धा सोडलं नाही. बाईंचा लाल शाईतला शेरा तेवढा गाळला: 'सगळं मनचं! दहापैकी तीन.'

पुढच्या वर्षी त्याच बाईंनी धाकटीला तोच प्रकल्प दिला. ती वेबसाइट उघडून भराभर उतरवायला बसली. कंटाळलेल्या नद्या दिसताच कारकून घाईघाईने पुढे सरसावला.

"अगं, जरा स्वतःच्या डोक्याने लिही की!"

"बाबा, सरकारी वेबसाइट आहे ही. तुमच्यापेक्षा जास्त कळतं तिला."

तिने शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'संदर्भ: सरकारी वेबसाइट'. आठवड्याने वही तपासून आली. कारकुनाने भीत भीत शेवटचं पान उघडलं.


'शाबास! ताईसारखं मनचं लिहिलं नाहीस. दहापैकी दहा.'