बुजवलेली फट

लांडगिणीने तिसऱ्यांदा नरडं फोडलं. पडद्यावर चेलनाची तलवारवाली कोसळली, हाड मोडल्याचा आवाज खोलीभर झाला. हातातला कंट्रोलर थरथरला. मांडीवरची तीन महिन्यांची पोर झोपेतच दचकली.

"जीजी, तलवार काढ ना! ती काय तुला राखी बांधायला येतेय?" अखिल म्हणाला.

"नाही काढायची."

समोर दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. जुन्यावर सोळा वर्षांपूर्वीचा खेळ, नव्यावर तोच खेळ, यंदा नव्याने करून विकायला आलेला. दोन्हीकडे तीच गुहा, तीच लांडगीण. जुन्यात ती करड्या चौकोनांची होती, डोळ्यांच्या जागी दोन पिवळे ठिपके. नव्यात अंगावरचा केस न् केस सुटा दिसत होता. जबड्यातून लाळ गळत होती.

चेलना धुळ्याहून जळगावला बाळंतपणासाठी आलेली. शाळेत असताना तिने जैन साधू महाराजसाहेबांकडून नियम घेतला होता, जीव मारायचा नाही. खेळातसुद्धा नाही. खेळातल्या बाकी सगळ्यांना पळून चुकवता यायचं. ही लांडगीण मात्र वाटेतच बसायची. तिलाही न मारता आपण पलीकडे गेलो, असं चेलना आजवर सांगत आली होती. धाकट्या भावाला ते कधीच पटलं नव्हतं.

"सासरी सगळ्या नणंदांना सांगून बसली असशील. आज खरं-खोटं होऊन जाऊ दे. आधी जुन्यात दाखव."

तिने जुना कंट्रोलर उचलला. तलवारवाली खांबामागे वळली, भिंतीला खांदा घासत सरकली आणि खडक न् भिंत यांच्यामधल्या फटीतून अलगद पलीकडे उतरली. लांडगीण मोकळ्या जागेवर गुरगुरत राहिली.

अखिलने नव्या टीव्हीकडे बोट केलं. "आता परत इकडे."

तोच खांब. तीच भिंत. पण भिंत खडकाला घट्ट भिडली होती. लांडगिणीने मागून पाय धरला, फरफटत आणलं आणि पोट फाडलं. आतडी दगडावर सांडली. पाचव्यांदा तिने हात उखडला. सहाव्या वेळी चेलनाने पोरीच्या मिटल्या डोळ्यांवर तळवा धरला आणि एका हाताने खेळत राहिली.

अखिल मोबाइलवर काहीतरी शोधत होता. "सापडलं. अगं, ती फट म्हणजे करणाऱ्यांची चूक होती. नव्यात दुरुस्त केलीय." तो हसला. "म्हणजे तुझी दया, जीजी, त्यांच्या चुकीवर चालली होती."

चेलना हसली नाही. तिने सातव्यांदा भिंतीला खांदा लावला.

"सूर्य बुडायला आला रे!" स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "जेवायचंय की उपाशी झोपायचंय?"

"दोन मिनिटं, मम्मी!" अखिलने कंट्रोलर काढून घेतला. "नियम तुझा आहे. माझा नाही."

तलवारीचा पहिला वार लांडगिणीच्या खांद्यात बसला. दुसरा बरगड्यांत. ती लंगडत मागे सरली, पण गुहेचं तोंड सोडेना. तिसऱ्या वाराला मान अर्धी तुटली. ती कण्हत आडवी झाली आणि पाय झाडत राहिली, बराच वेळ.

"जुन्यात मेली की धूर होऊन उडून जायची," अखिल म्हणाला. "हिचं मढं राहतं. बघ, काय काम केलंय!"

गुहेच्या अंधारात काहीतरी हललं.

वीतभर पिल्लू बाहेर आलं. जुन्यात ते नव्हतं. रक्तात पाय बुडवत ते तिच्यापाशी आलं, नाकाने दोनदा ढोसलं, मग पोटाशी शिरून चोखू लागलं.

पलीकडची वाट मोकळी होती. अखिलचा अंगठा बटणावरच राहिला.

मांडीवरची पोर जागी झाली, तोंड फिरवत शोधू लागली. चेलनाने ओढणी पुढे घेतली आणि तिला छातीशी धरलं. अखिल मान वळवून उठला. भिंतीवरच्या बटणाकडे त्याचा हात गेला.

"चल, मम्मी ओरडेल. बंद करतो."

"थांब," चेलना म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "त्याचं होऊ दे."